प्लांटेड टँकवरचा तवंग: काढला तरी परत का येतो?

प्लांटेड टँक, म्हणजे आत जिवंत झाडं वाढवलेला माशांचा टँक. त्याच्या पाण्यावरचा तवंग काढायला दोन मिनिटं लागतात. म्हणून ‘टँकवरचा तवंग कसा काढू?’ असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, ‘काढल्यावर परत किती वेळात आला?’ बहुतेकांनी ते बघितलेलंच नसतं. रविवारी टिश्यू पेपर फिरवला, पाणी लख्ख दिसलं, समाधान झालं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. पण उत्तर त्या मधल्या दिवसांतच दडलेलं असतं. तासा-दोन तासांत परतणारा तवंग, रात्रीतून परतणारा तवंग आणि चार-पाच दिवसांनी हळूच दिसू लागणारा तवंग, हे तीन निरनिराळे पाहुणे आहेत. तिघांना एकाच दाराने घालवता येत नाही. दुकानात ‘वॉटर क्लीअर’ म्हणून जी बाटली मिळते ती तर यातल्या एकालाही घालवत नाही, तेव्हा ते पैसे वाचवा.

आधी हा थर म्हणजे काय ते बघू. कुजणाऱ्या पानांतून सुटलेली प्रथिनं, खाण्यातली चरबी, माशांच्या अंगावरचा बुळबुळीतपणा, कापलेल्या देठांतून पाझरलेला रस, असं बरंच काही पाण्यात मिसळत असतं. यातल्या अनेक रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाण्यापासून लांब पळू बघतं. अशा रेणूंना सोयीची जागा एकच, पाणी आणि हवा यांच्या मधली सीमा. ते तिथे जाऊन बसतात. त्यांच्यावर जगणारे जिवाणू मागोमाग येतात, वाढतात आणि स्वतःचा चिकट पदार्थ त्यात मिसळतात. तापवून ठेवलेल्या दुधावर साय धरते तसाच प्रकार: स्थिर राहिलं तर धरते, ढवळत राहिलं तर धरत नाही.

तवंग स्वतः विषारी नसतो. त्रास होतो तो हवेचा. पृष्ठभाग झाकला गेला आणि त्याची हालचालही थांबलेली असली की ऑक्सिजन आत यायला आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जायला वेळ लागतो. आपल्याकडे ही गोष्ट थंड हवेच्या गावापेक्षा जास्त बोचते. 25 अंशाच्या पाण्यात ऑक्सिजन जास्तीत जास्त लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो, 30 अंशाला साडेसातच. एप्रिल-मेमध्ये ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या बंद फ्लॅटमध्ये टँकचं पाणी आरामात तिशी ओलांडतं. आणि गरम पाण्यात माशांना ऑक्सिजन लागतो मात्र जास्त. त्यात रात्री दिवे बंद झाले की झाडंही ऑक्सिजनच घेतात. त्यामुळे पहाटे दिवा लावण्याआधी टेट्रासारखे छोटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसले, तर आधी एअरपंप चालू करा, मग बाकीचा लेख वाचा.

काडीची परीक्षा

विझलेल्या उदबत्तीची उरलेली काडी घ्या. आधी ती नीट धुवा, राख-सुगंध पाण्यात नको. फिल्टर बंद करा, पाच मिनिटं थांबा. मोबाइलचा टॉर्च बाजूने, अगदी पाण्याला चिकटून तिरपा धरा. आता काडीने थराला हळूच रेघ मारा.

रेघ मारल्यावर थर बाजूला होऊन लगेच पुन्हा एकत्र आला, रंगीत वलयं लांबट ओढली गेली आणि परत जुळली, तर ते तेल आहे. थराचे तुकडे पडले, कडा वाकड्यातिकड्या राहिल्या आणि तुकडे वेगवेगळे तरंगत राहिले, तर तो लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा किंवा खनिजाचा थर. ओढल्यावर सुरकुत्या पडल्या, रंग राखाडी-पांढुरका आणि काडीला काहीतरी बुळबुळीत लागलं, तर तो नेहमीचा सेंद्रिय तवंग. दहापैकी आठ-नऊ टँकांत हाच शेवटचा सापडतो.

आणखी एक खूण बिनखर्चाची आहे. फिल्टरच्या तोंडाशी येणारे बुडबुडे बघा. स्वच्छ पाण्यावर ते लगेच फुटतात. न फुटता टँकभर फिरत असतील, कोपऱ्यात जमून फेसासारखे बसत असतील, तर पाण्यात प्रथिनं जास्त झालीत.

इंद्रधनुषी चमक दिसली म्हणून लगेच पंपातून तेल गळतंय असं धरून चालू नका. कोकणात जांभ्याच्या भागात पावसाळ्यानंतर साचलेल्या पाण्यावर असाच रंगीत पडदा दिसतो आणि लोकांना वाटतं, कोणाच्या तरी बाइकचं पेट्रोल सांडलं. तो असतो लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा, काडी लावली की काचेसारखा तडकतो. टँकमध्येही हे होतं. त्याबद्दल पुढे.

घड्याळ लावून बघा

फिल्टर बंदच ठेवा. साधा, रंग-सुगंध नसलेला टिश्यू पेपर पाण्याच्या लांबीइतका पसरा, पृष्ठभागावर आडवा टेकवा, पूर्ण ओला होऊ द्या आणि दोन कोपरे धरून सरळ वर उचला. ओढत नेऊ नका, ओढलं की थर कडेला सरकतो आणि काचेला चिकटून बसतो. दुसरा कागद, तिसरा कागद, जोवर कागद स्वच्छ येत नाही तोवर. पहिला कागद उजेडात धरून बघा: पिवळट-तपकिरी ओघळ म्हणजे सेंद्रिय, काळसर कण म्हणजे धूळ-काजळी, कागद वाळल्यावर पारदर्शक डाग राहिला तर तेल. वर्तमानपत्राने काढणारेही आहेत. पण छपाईची शाई पाण्यात कशाला?

टिश्यू नसेल तर पाणी बदलताना एक वाडगं सरळ धरून त्याची कड पृष्ठभागाच्या जेमतेम खाली दाबा. वरचं पाणी चहूबाजूंनी वाडग्यात ओतत येतं, तवंगासकट. पाणी काढण्याचं काम त्याच वेळी होऊन जातं.

आता फिल्टर चालू करा, वेळ लिहून ठेवा आणि नेहमीसारखं सगळं चालू द्या. खाणं तेवढंच, दिवे तेवढेच. काही बदलू नका.

तासा-दोन तासांत परत आला तर

मग तो टँकमधून येत नाही, वरून पडतोय. किंवा एखाद्या यंत्रातून गळतोय. इतक्या पटकन सेंद्रिय थर जमायला टँकमध्ये काहीतरी मेलेलं हवं. ते आधी तपासाच. ड्रिफ्टवुडच्या, म्हणजे सजावटीच्या लाकडाच्या मागे एखादा मासा किंवा मोठी गोगलगाय मरून पडलेली सापडते.

तसं काही नसेल तर खोलीकडे बघा. कोपरखैरण्यातल्या एका मावशींच्या घरचा टँक मला आठवतो. सुंदर दोन फुटी टँक, ॲनुबियस आणि जावा फर्नची झाडं, मोजके मासे, खाणंही बेताचं. आणि रोज संध्याकाळी तवंग. मुलाने फिल्टरही बदलून बघितला होता. मावशी म्हणाल्या, ‘अरे, हे पाणी असं का दिसतंय? आमटीवर तेल सुटल्यासारखं?’ मी मागे वळून बघितलं तर टँक आणि गॅसची शेगडी यांच्या मध्ये फक्त ओटा. नव्या पद्धतीचं उघडं स्वयंपाकघर. टँकवर झाकण नाही आणि एअरपंप ठेवलेला फ्रिजच्या वर, म्हणजे फोडणीचा धूर थेट त्याच्या तोंडात. म्हटलं, ‘मावशी, आमटीचंच आहे ते.’ काचवाल्याकडून मापाचं झाकण कापून आणलं, चारही कोपऱ्यांना थोडी फट ठेवून बसवलं, एअरपंप बेडरूमच्या बाजूला नेऊन नळी लांब केली. सुरमई तळली की थोडं काही दिसतं अजून, पण रोजचं बंद झालं.

एअरपंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. फोडणीचा धूर, उदबत्ती, धूप, रूम फ्रेशनर, सगळं त्यातून जातं. डासांच्या लिक्विड मशीनबद्दल तर जास्तच सांभाळा. त्यातली ट्रान्सफ्लुथ्रिन, प्रॅलेथ्रिनसारखी द्रव्यं पायरेथ्रॉइड गटातली आहेत आणि ती मासे व कोळंबीला फार घातक असतात. चेरी श्रिंप (टँकमध्ये पाळतात ती छोटी लाल कोळंबी) एकदम मरायला लागले तर तवंगाची चौकशी सोडून आधी ते मशीन कुठल्या प्लगला आहे ते बघा. टँकच्या खोलीत ते नकोच. पेस्ट कंट्रोलवाले येणार असतील तर एअरपंप बंद, टँक प्लॅस्टिकने बंद, आणि खोली नीट हवेशीर होईपर्यंत तसाच. आत फक्त फिल्टर फिरता ठेवा.

धुळीचं वेगळं सांगायला नको. मेट्रोची आणि टॉवरची कामं चालू असलेल्या रस्त्यावर खिडकी उघडी राहिली तर टीव्हीवर जेवढी धूळ बसते तेवढीच पाण्यावर बसते. पंख्याच्या थेट खाली टँक असेल तर अजून थोडी. यालाही झाकणच.

हातांचं राहिलं. टँकमध्ये हात घालण्याआधी साबण, क्रीम, खोबरेल काहीही हाताला नको. नुसत्या पाण्याने खळखळून, कोपरापर्यंत धुवा. डोक्याला तेल लावून त्याच हातांनी टँकमधल्या रोटालाच्या झाडांची छाटणी करणारे लोक मी पाहिले आहेत.

हे सगळं नीट असूनही काडीला तेल म्हणजे तेलच येत असेल, तर एकेक यंत्र बाहेर काढा. स्वस्तातल्या पॉवरहेडची (पाण्यात बुडवून ठेवायच्या छोट्या मोटरची) किंवा पंपाची तडकलेली बॉडी, फुगलेली वायर, अशी वस्तू दुरुस्त करायची नाही, फेकायची. तेलापेक्षा शॉकची भीती मोठी. काढण्याआधी प्लग ओढायला विसरू नका.

रात्रीतून परत आला तर

संध्याकाळी पाणी स्वच्छ, सकाळी चहा घेताना बघावं तर थर. हीच तक्रार सगळ्यात जास्त येते आणि तिचं कारण जवळपास नेहमी एकच: पृष्ठभाग हलत नाही.

प्लांटेड टँकवाल्यांत हे मुद्दाम केलेलं असतं. झाडांसाठी सिलिंडरमधून सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, बुडबुड्यांनी पाण्यात सोडलेला असतो आणि कुठेतरी वाचलेलं असतं की पाणी वर हललं की तो उडून जातो. मग फिल्टरचं तोंड पाण्याखाली खोल, लिली पाइप (फिल्टरचं पाणी टँकमध्ये सोडणारी काचेची नळी) पूर्ण बुडालेला, पाणी वरून काच ठेवल्यासारखं स्तब्ध. सीओटू वाचला, पण ऑक्सिजन यायचा थांबला आणि तवंगाला आयती जागा मिळाली. हा हिशोब तोट्याचा आहे. हलत्या पृष्ठभागातून थोडा सीओटू जातो हे खरं, पण त्यावर उपाय सोपा आहे: बुडबुडे थोडे वाढवा, सिलिंडर थोडा लवकर संपेल. ड्रॉप चेकरमध्ये (रंगावरून सीओटू दाखवणाऱ्या काचेच्या छोट्या भांड्यात) 4 डीकेएचचं, म्हणजे ठरावीक क्षारतेचं पाणी भरलेलं असेल तर तो हिरवा म्हणजे लिटरला साधारण 30 मिलिग्रॅम सीओटू. पाणी हलतं ठेवून तोच हिरवा रंग मिळवता येतो आणि तो दिवसभर स्थिरही राहतो. बुडबुडे वाढवताना मात्र एकदम नाही, दिवसाआड थोडे थोडे, माशांकडे बघत.

ज्यांच्या टँकला सीओटू नाहीच, त्यांना तर पाणी स्तब्ध ठेवायचं काही कारणच नाही. अशा टँकमध्ये भर उजेडात झाडं पाण्यातला सीओटू इतका ओढतात की तो हवेशी समतोल असायला हवा त्याहून खाली जातो. तिथे पृष्ठभाग हलला की सीओटू बाहेर जाण्याऐवजी आत येतो.

किती हलवायचं? खळखळाट नको, शिंतोडे नकोत. दिव्याचा उजेड तळाच्या वाळूवर थरथरताना दिसला की पुरे. स्प्रे बार (पाणी सोडणारी भोकांची आडवी नळी) असेल तर त्याची भोकं किंचित वरच्या दिशेला फिरवा. लिली पाइप असेल तर तो एवढा वर घ्या की तोंडाशी पाणी फुगून येईल पण हवा गिळणार नाही. हँग-ऑन फिल्टरचा (टँकच्या काठाला लटकवायच्या फिल्टरचा) धबधबा तवंग फोडतो खरा, पण फक्त आपल्या समोरचा. मागच्या कोपऱ्यातला तसाच राहतो.

कोपरे शोधायला खाण्याचं एक फ्लेक पाण्यावर सोडा आणि बघत राहा. फ्लेक टँकभर फिरून फिल्टरकडे आलं तर छान. एखाद्या कोपऱ्यात जाऊन जागच्या जागी गोल फिरत राहिलं तर तोच तुमचा मेलेला कोपरा, तवंग तिथूनच पसरतो. फिल्टरचं तोंड त्या दिशेला थोडं वळवून पुन्हा फ्लेक सोडा. पिस्टिया, साल्विनिया, डकवीड अशी तरंगती झाडं टँकभर पसरली असतील तर त्यांच्या मधल्या पाण्यावर काहीच हलत नाही. एअरपंपाच्या नळीचं कडं करून त्यांना एका भागात कोंडा आणि निम्मा पृष्ठभाग मोकळा ठेवा.

पाण्याच्या पातळीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. ‘पाणी बदललं की तवंग येतो, आणि आठवड्याच्या शेवटी आपोआप कमी होतो’ अशी उलटी तक्रार ऐकली की लोक नळाच्या पाण्याला दोष देतात. ठाण्याच्या बऱ्याच भागात भातसा आणि उल्हास नदीचं पाणी येतं, नवी मुंबईला मोरबे धरणाचं. दोन्ही शुद्ध करून येणारी नदी-धरणाची पाणी आहेत, त्यातून तवंग येण्याचं कारण नसतं. खरी गंमत अशी असते की पाणी काठोकाठ भरलं की फिल्टरचं तोंड खोल जातं आणि वरचं पाणी थांबतं. उन्हाळ्यात, त्यातही टँकवर छोटा कूलिंग फॅन लावला असेल तर, पाणी उडून पातळी उतरते, तोंड पृष्ठभागाजवळ येतं आणि पाणी पुन्हा हलू लागतं. दोष पाण्याचा नसतो, दोन बोटांच्या फरकाचा असतो. काचेवर मार्करने रेघ मारा आणि पाणी तिथपर्यंतच भरा.

रात्रीसाठी साधी जोडणी: सीओटूला सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारा व्हॉल्व्ह) असेल तर त्याचा टायमर दिवे लागण्याआधी तासभर चालू आणि दिवे जाण्याआधी तासभर बंद, एअरपंपाचा टायमर याच्या बरोबर उलटा. दिवसा सीओटू, रात्री हवा. बेकिंग सोडा-सायट्रिक ॲसिडच्या किंवा यीस्टच्या बाटलीवर सीओटूचं काम चालत असेल आणि ती रात्रभर चालूच राहत असेल, तर रात्री एअरस्टोन (एअरपंपाच्या नळीच्या टोकाचा बारीक बुडबुडे सोडणारा दगड) ही चैन नाही, गरज आहे. एअरपंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत पाणी उलटं येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेल्यावर टँकचं पाणी नळीवाटे उलट येऊन पंपात आणि पंपातून सोफ्यावर.

हलत्या पाण्याचा एक फायदा पावसाळ्यात कळतो. डास अंडी घालायला थांबलेलं पाणी शोधतात. महापालिकेचे लोक अळ्या शोधत घरी येतात तेव्हा कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फेंगशुईच्या बांबूबरोबर टँकवरही नजर टाकतात. मासे असलेल्या टँकची काळजी नसते, पण नुसत्या झाडांच्या आणि श्रिंपच्या स्तब्ध टँकमध्ये अळ्या सापडू शकतात.

चार-पाच दिवसांनी हळूहळू आला तर

इथे पाणी हलतंय, हवा ठीक आहे, पण टँकमध्ये कचरा तयार होण्याचा वेग तो संपण्याच्या वेगापेक्षा जरा जास्त आहे. म्हणजे आता घरकाम.

नवा टँक असेल तर फार डोकं लावू नका. पहिल्या महिना-दीड महिन्यात नव्या ॲक्वासॉइलमधून (झाडांसाठी तळाला घालायच्या विकतच्या मातीतून), नव्या ड्रिफ्टवुडमधून बरंच काही सुटतं. लाकडावर पांढरी, जेलीसारखी बुरशी येते, वर तवंग येतो, काही आठवड्यांत दोन्ही जातात. दुकानातून आणलेली बरीच झाडं नर्सरीत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. पाण्यात गेल्यावर ती जुनी पानं टाकतात. क्रिप्टची (क्रिप्टोकोरिनची) झाडं तर जागा बदलली तरी विरघळतात. ही अर्धवट मऊ, पारदर्शक झालेली पानं ‘आपोआप पडतील’ म्हणून ठेवू नका, देठापासून कापून काढा. मुळं सोडा, त्यातून नवी पानं येतात. लिक्विड कार्बन (झाडांसाठी बाटलीतून मिळणारं द्रव) घालताना हात सैल सुटला असेल तर वॅलिसनेरियाचं झाडही असंच विरघळतं.

मोठी छाटणी केल्यावर त्याच दिवशी निम्मं पाणी बदला. कापलेल्या देठांतून रस सुटत असतो. छाटून झाल्यावर तरंगणारे तुकडे जाळीने काढले आणि पाणी ‘उद्या बघू’ म्हटलं, की परवा तवंग.

खाणं हा घराघरांतला नाजूक विषय आहे. सकाळी आजोबा घालतात, दुपारी शाळेतून आलेली नात घालते, रात्री ज्याचा टँक तो घालतो, आणि प्रत्येकाला वाटतं आपणच एकटे घालतोय. डबा एकाच्या ताब्यात द्या. मिनिट-दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि मोठ्या माशांना आठवड्यातून एक उपास चालतो. फ्रोझन ब्लडवर्मचा क्यूब थेट टाकत असाल तर तो वितळताना लाल पाणी सुटतं ते बघा. प्रथिनांचं ते पाणी थेट तवंगाचं खाद्य. क्यूब बारीक गाळणीत घ्या, वितळू द्या, नळाखाली धुवा, मग अळ्या टाका. गाळणी वेगळी आणा. चहाची वापरलीत आणि घरात कळलं तर टँकच बाहेर जाईल.

आता फिल्टर. तवंग दोन-अडीच महिन्यांनी एकदा येतो, फिल्टर धुतला की जातो, पुन्हा दोन-अडीच महिन्यांनी येतो, असं चक्र असेल तर सरळ आहे: स्पंज तुंबतो, प्रवाह मंदावतो, पाणी वर हलायचं थांबतं. स्पंज पाणी बदलताना काढलेल्या टँकच्याच पाण्यात पिळा, थेट नळाखाली नको. क्लोरीनने आतले उपयोगी जिवाणू मरतात. इम्पेलरची (फिल्टरच्या मोटरमधल्या फिरत्या पंख्याची) खोबण जुन्या टूथब्रशने साफ करा, तिथला चिकट थर प्रवाह बराच कमी करतो. वीज जाऊन आल्यावर हँग-ऑन फिल्टर नुसता घरघरतो का, पाणी टाकत नाही का, हेही बघा. पातळी उतरलेली असेल तर काही फिल्टर स्वतःहून पाणी ओढत नाहीत आणि आपण ऑफिसात असताना तो दिवसभर कोरडा फिरतो.

रंगीत आणि पांढरा थर

काडीने तडकणारा रंगीत थर आणि टँकच्या तळाशी ॲक्वासॉइलऐवजी लाल माती, असा योग असेल तर लोहाकडे बघा. मातीच्या खोल थरात ऑक्सिजन नसतो, तिथे लोह विरघळून वर येतं, पृष्ठभागाजवळ ऑक्सिजन भेटला की पुन्हा घट्ट होतं, आणि लेप्टोथ्रिक्ससारखे जिवाणू त्यावर पातळ चकचकीत पडदा धरतात. वरून लोहाचं खत आणि मातीत रूट टॅब (मुळांशी पुरायच्या खताच्या गोळ्या) असं दोन्ही चालू असेल तर एक थांबवा. मातीवर निदान दीड-दोन इंच वाळूचं टोपण हवं आणि झाडं उपटून पुन्हा लावायची हौस कमी हवी. प्रत्येक उपटण्यात तळाचं वर येतं.

पांढरट, कोरडा, पिठूळ थर आणि काचेवर पाण्याच्या रेघेला खरखरीत पट्टा, हे चुन्याचं काम. थोडा थर स्टीलच्या चमच्यावर घेऊन त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसलं तर नक्की. पाणीकपातीत सोसायटीने बोअरचा टँकर मागवला होता का, टँकमध्ये दुकानातले पांढरे मार्बल चिप्स किंवा शिंपले आहेत का, एवढं तपासा. पाणी उडतं तेव्हा क्षार मागे राहतात, म्हणून नुसतं वरून भर घालत राहू नका, थोडं काढून मग घाला.

स्किमर आणि मॉली

स्किमर, म्हणजे पृष्ठभागावरचं पाणी तवंगासकट ओढून घेणारं यंत्र, ही उत्तम वस्तू आहे, पण ती शेवटी घ्या. कारण तसंच ठेवून स्किमर लावला तर तो बंद पडेल त्या दिवशी सगळं परत. छोटा वेगळा स्किमर असेल तर तो चोवीस तास चालवायची गरज नसते, टायमरवर दिवसातून दोन-तीनदा वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. तोंडाशी बारीक स्पंज ठेवा. श्रिंपची पिल्लं आणि पृष्ठभागावर राहणारे लहान मासे आत ओढले जातात. पातळी उतरली की स्किमर हवा ओढून गुरगुरतो. बेडरूममधल्या टँकला तो रात्री बंद ठेवा.

‘काळी मॉली टाक, ती तवंग खाते’ हा सल्लाही हमखास मिळतो. खाते, खरं आहे. गप्पीही चोखतात. पण मॉलीला थोडं जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी मानवतं. आपल्याकडच्या मऊ पाण्यात, तेही सीओटूने अजून आम्ल झालेल्या टँकमध्ये, ती काही दिवसांत आखडून पोहायला लागते. तवंग साफ करायला जिवंत मासा आणायचा आणि त्याला न मानवणाऱ्या पाण्यात ठेवायचं, हे मला पटत नाही. शिवाय महिन्या-दोन महिन्यांत पिल्लं होतात, आणि मग ती सोडायला लोक ठाण्यातल्या मासुंदा किंवा उपवन तलावावर जातात. ते तर अजिबात करू नका. घरातले परदेशी मासे तलावात सोडले की तिथल्या माशांच्या तोंडचा घास जातो. दुकानदार सहसा परत घेतात, त्यांना द्या.

जिवाणूनाशक औषधं किंवा माशांच्या आजारावरची अँटिबायोटिक तवंगासाठी वापरू नका. ती फिल्टरमधल्या कामाच्या जिवाणूंनाही मारतात आणि मग तवंगाऐवजी अमोनिया निस्तरावा लागतो.

गणपतीला गावी जाताना

तवंगाचे बरेचसे फोन सप्टेंबरच्या सुमाराला येतात, लोक कोकणातून परतल्यावर. निघायच्या घाईत टँक काठोकाठ भरलेला असतो, ‘तेवढंच कमी उडेल’ म्हणून, आणि चावी शेजारच्या काकांकडे. काका प्रेमाने दोन वेळा भरपूर खाणं घालतात. परत येऊन बघावं तर वर जाड पडदा आणि मासे तोंड वर करून.

जाण्याच्या दोन-तीन दिवस आधी स्पंज पिळून घ्या, पिवळी पानं काढा, पाणी बदला. निघायच्या दिवशी फिल्टरला हात लावू नका, काही बिघडलं तर बघायला कोणी नसतं. पातळी मार्करच्या रेघेवर. दिव्यांचा वेळ सहा तासांवर आणा, सीओटू बंद करा, एअरपंप चोवीस तास चालू ठेवा. मोठे, धट्टेकट्टे मासे चार-पाच दिवस उपाशी सहज राहतात, तेवढ्यासाठी कोणाला सांगूच नका. जास्त दिवस असतील तर औषधाच्या गोळ्यांच्या वारवार डबीत एकेका वेळचं खाणं मोजून भरा, एक दिवसाआड एकच खण, आणि खाण्याचा मूळ डबा कपाटात कुलूप लावून ठेवा. काकांना विनंती एवढीच की फिल्टरमधून पाणी पडताना दिसतंय का ते बघा; पडत नसेल तर हा प्लग काढून पुन्हा लावा, म्हणून तो प्लग निघण्याआधी त्यांना बोट ठेवून दाखवा.